बेळगावहून एका दिवसात महिपाळगड, पारगड

बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावर शिनोळीला महाराष्ट्राची हद्द लागते आणि चंदगड तालुका सुरू होतो. आंबोलीला गर्दी उसळते, इकडे मात्र फारसं कोणी फिरकत नाही.

जवळचा महिपाळगड. पायथ्याशी देवरवाडीचं वैजनाथ मंदिर आहे. पुढे सह्याद्रीच्या कड्यावर पारगड. तानाजी मालुसरे यांचे पुत्र रायबा इथले पहिले किल्लेदार. मालुसऱ्यांचे वंशज आजही गडावर राहतात. भवानीचं दर्शन घेऊन तटावर उभं राहिलं, की खाली कोकण दिसतं.

दोन्ही गडांवर नांदती घरं आहेत. त्यामुळे कुणाच्या अंगणात न विचारता शिरू नये, कचरा सोबत परत न्यावा. पावसाळ्यात दाट धुकं उतरतं, तेव्हा दिवस मावळण्याआधी परतीला लागावं.