बास्केटबॉलचा हंगाम हिवाळ्यात असावा की उन्हाळ्यात?

१/
८ जून १९८४. बोस्टन गार्डन या जुन्या क्रीडागृहात एनबीएच्या अंतिम मालिकेतील पाचवा सामना सुरू होता. इमारतीत वातानुकूलन नव्हते. आतील तापमान ९७ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ३६ अंश सेल्सिअसवर पोहोचले होते. लॉस एंजेलिस लेकर्सचा ३७ वर्षांचा करीम अब्दुल-जब्बार बाकावर बसून मुखवट्यातून प्राणवायू घेत होता. ३४ गुण मिळवणाऱ्या लॅरी बर्डच्या जोरावर बोस्टन सेल्टिक्सने हा सामना १२१-१०३ असा जिंकला.

२/
ज्या खेळाचा जन्मच कडाक्याच्या थंडीमुळे झाला, त्याचे सर्वांत महत्त्वाचे सामने जूनच्या उकाड्यात कसे येऊन पोहोचले? आणि व्यावसायिक बास्केटबॉलचा हंगाम नेमका कोणत्या ऋतूत असावा, हे आजवर कोणी आणि कशाच्या आधारावर ठरवले? या वादाचा सव्वाशे वर्षांहून मोठा इतिहास या धाग्यात.

३/
डिसेंबर १८९१. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे वायएमसीएचे प्रशिक्षण विद्यालय होते. शरद ऋतूतील फुटबॉल संपला होता, बेसबॉलला वसंताची वाट पाहावी लागणार होती. मधल्या बर्फाळ महिन्यांत कवायतीला कंटाळलेल्या विद्यार्थ्यांसाठी चार भिंतींच्या आत खेळता येईल असा खेळ शोधण्याचे काम ल्यूथर गुलिक यांनी जेम्स नेस्मिथ या शिक्षकावर सोपवले.

४/
नेस्मिथ यांनी व्यायामशाळेच्या सज्जाला दहा फूट उंचीवर पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि तेरा नियम लिहून काढले. अठरा विद्यार्थी, दोन संघ, एक चेंडू. म्हणजे बास्केटबॉल हा दोन मोठ्या खेळांमधील मोकळी जागा भरण्यासाठीच निर्माण झालेला खेळ होता. ‘मोकळी जागा’ हा शब्द लक्षात ठेवावा. पुढे प्रत्येक वळणावर तो परत येतो.

५/
खरे तर बंदिस्त जागेत खेळल्या जाणाऱ्या खेळाला ऋतूचे बंधन फारसे नसते. पाऊस, चिखल, बर्फ यांचा त्याला उपद्रव नाही. हिवाळ्यात वास्तू उबदार ठेवता आली आणि उन्हाळ्यात थंड करता आली, की बारा महिने खेळ होऊ शकतो. म्हणूनच त्याचा हंगाम हवामानाने कमी आणि माणसांच्या सोयीने अधिक ठरत गेला. प्रश्न एवढाच, की कोणाच्या सोयीने?

६/
६ जून १९४६ रोजी न्यूयॉर्कच्या कमोडोर हॉटेलात बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका, अर्थात बीएएची स्थापना झाली. पुढाकार खेळाडूंचा किंवा प्रशिक्षकांचा नव्हता. बोस्टन गार्डनचे वॉल्टर ब्राउन यांच्यासारखे मोठ्या क्रीडागृहांचे चालक एकत्र आले होते. त्यांच्या वास्तूंत हिवाळ्यात आइस हॉकी होत असे, पण हॉकीचे सामने नसत त्या रात्री खुर्च्या रिकाम्या राहत. त्या भरण्यासाठी ही लीग होती.

७/
लीगचे पहिले अध्यक्ष मॉरिस पोडोलॉफ हे त्या वेळी अमेरिकन हॉकी लीगचेही अध्यक्ष होते, यावरून दोन्ही धंद्यांचे नाते कळते. पहिला सामना १ नोव्हेंबर १९४६ रोजी टोरोंटोच्या मेपल लीफ गार्डन्समध्ये झाला. न्यूयॉर्क निकरबॉकर्सने टोरोंटो हस्कीजला ६८-६६ असे हरवले. अशा क्रीडागृहांत हॉकीच्या बर्फावरच लाकडी फळ्या अंथरून मैदान तयार होई. खालच्या थंडीमुळे फळ्यांना दमटपणा येई आणि खेळाडूंचे पाय घसरत. हिवाळी हंगामाची किंमत अशी पहिल्या दिवसापासून खेळाडूंनी मोजली.

८/
१९४९ मध्ये बीएए आणि प्रतिस्पर्धी नॅशनल बास्केटबॉल लीग यांचे विलीनीकरण होऊन एनबीए हे नाव आले. बीएएचा पहिला हंगाम २२ एप्रिल १९४७ रोजी संपला होता. प्रत्येक संघाने साखळी फेरीत सुमारे साठ सामने खेळले होते. १९६७-६८ पासून ही संख्या ८२ झाली. संघ वाढले, बाद फेऱ्या लांबल्या, तिकिटे आणि प्रक्षेपणाचे उत्पन्न वाढत गेले. हंगामाची सुरुवात शरदातच राहिली, शेवट मात्र एप्रिलमधून मेमध्ये आणि मेमधून जूनमध्ये सरकला. बोस्टनची ती उकाड्याची रात्र याच सरकण्याचे फळ होती.

९/
पुरुषांच्या लीगमध्ये ऋतूचा प्रश्न असा नकळत सुटत गेला. महिलांच्या बाबतीत मात्र तो उघड संघर्ष झाला. १९७८ मध्ये अमेरिकेत महिलांची व्यावसायिक लीग, डब्ल्यूबीएल, सुरू झाली. तिचे सामने हिवाळ्यात होत. पैशांची चणचण कायम होती आणि तीन हंगामांनंतर, १९८१ मध्ये, ती बंद पडली. त्यानंतर उत्तम अमेरिकी खेळाडूंना पोट भरण्यासाठी युरोप किंवा जपान गाठावे लागे.

१०/
१९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये अमेरिकी महिला संघाने सुवर्णपदक जिंकले. त्याआधीच्या तयारीच्या दौऱ्यातले सामने धरून या संघाने ६० पैकी ६० सामने जिंकले होते. देशभर उत्साह होता आणि त्यावर स्वार होऊन एकाच वेळी दोन लीग उभ्या राहिल्या. दोघींमधला सर्वांत ठळक फरक ऋतूचा होता.

११/
अमेरिकन बास्केटबॉल लीग, म्हणजे एबीएल, १८ ऑक्टोबर १९९६ रोजी सुरू झाली. तिची भूमिका स्वच्छ होती: शाळा-महाविद्यालयांपासून साऱ्या देशाला बास्केटबॉल हिवाळ्यात पाहण्याची सवय आहे, महिलांचा खेळ दुय्यम नसेल, तर त्याला खेळाचा मुख्य ऋतूच मिळाला पाहिजे. वेतन सरासरी ७० हजार डॉलरच्या आसपास होते. टेरेसा एडवर्ड्स, डॉन स्टेली यांच्यासह ऑलिम्पिक संघातील बहुसंख्य खेळाडूंनी एबीएलची निवड केली.

१२/
डब्ल्यूएनबीएची मालकी एनबीएकडे होती आणि तिचा हिशेब वेगळा होता. उन्हाळ्यात एनबीएची क्रीडागृहे रिकामी असतात. वाहिन्यांवर बेसबॉलखेरीज मोठा खेळ नसतो. हिवाळ्यात महिलांचे सामने पुरुषांच्या आणि महाविद्यालयांच्या सामन्यांत हरवून जातील. उन्हाळ्यात त्यांना स्वतंत्र जागा मिळेल. वेतन एबीएलपेक्षा बरेच कमी होते, पण सामने एनबीसी, ईएसपीएन आणि लाइफटाइम या वाहिन्यांवर दिसणार होते.

१३/
२१ जून १९९७ रोजी लॉस एंजेलिसमध्ये न्यूयॉर्क लिबर्टी आणि लॉस एंजेलिस स्पार्क्स यांच्यातील सलामीच्या सामन्याला १४,२८४ प्रेक्षक आले. पहिल्या हंगामात डब्ल्यूएनबीएला प्रतिसामना सरासरी साडेनऊ हजारांहून अधिक प्रेक्षक लाभले. एबीएलची पहिल्या हंगामातील सरासरी साडेतीन हजारांच्या आसपास होती. अखेर २२ डिसेंबर १९९८ रोजी, तिसरा हंगाम अर्ध्यावर असताना, एबीएलने दिवाळखोरी जाहीर केली.

१४/
यातून ‘उन्हाळा जिंकला, हिवाळा हरला’ असा निष्कर्ष काढणे सोपे, पण घाईचे ठरेल. एका बाजूला एनबीएचे भांडवल, तिची क्रीडागृहे आणि तिच्या ओळखीच्या वाहिन्या होत्या. दुसऱ्या बाजूला एक स्वतंत्र लीग होती, जिला प्रक्षेपणाचा मोठा करार मिळू शकला नाही. एबीएल डब्ल्यूएनबीएच्या पाठबळासह हिवाळ्यात खेळली असती तर काय झाले असते, याचे उत्तर इतिहासाने दिलेले नाही.

१५/
त्याच १९९८ साली पृथ्वीच्या दक्षिण गोलार्धात हीच चर्चा प्रत्यक्षात उतरली. ऑस्ट्रेलियाची पुरुषांची एनबीएल ही लीग १९७९ पासून तेथील हिवाळ्यात खेळली जाई. तो ऋतू तिथे ऑस्ट्रेलियन फुटबॉल आणि रग्बी लीगचा. त्यांच्याशी स्पर्धा टाळण्यासाठी १९९८-९९ पासून हंगाम उन्हाळ्यात, म्हणजे ऑक्टोबरपासून पुढे, नेण्यात आला. गंमत अशी, की दक्षिणेचा हा उन्हाळा म्हणजे उत्तरेचा हिवाळा. त्यामुळे ‘उन्हाळी’ झालेली ही लीग वेळापत्रकाने अमेरिकी एनबीएच्या जवळ आली.

१६/
ऋतू बदलला, पण अडचणी सुटल्या नाहीत. पुढील दशकात ही लीग आर्थिक संकटात सापडली. २००८ मध्ये सिडनी किंग्ज आणि ब्रिस्बेन बुलेट्स हे मोठ्या शहरांचे संघ स्पर्धेबाहेर गेले. ती सावरली ती २०१५ मध्ये लॅरी केस्टेलमन यांनी कारभार हाती घेतल्यानंतर, आणि तेव्हाही हंगाम उन्हाळीच होता. तोच ऋतू, तेच खेळाचे नियम. फरक कारभाराचा आणि भांडवलाचा होता.

१७/
अमेरिकी एनबीएनेही एकदा ऋतूची सीमा ओलांडली, तीही नाइलाजाने. मार्च २०२० च्या सुरुवातीला अटलांटा हॉक्सचे स्टीव्ह कूनिन यांनी फुटबॉलशी टक्कर टाळण्यासाठी हंगाम डिसेंबरच्या मध्यात सुरू करावा, असे जाहीरपणे सुचवले होते. काही दिवसांतच करोनामुळे सामने थांबले. तो हंगाम ११ ऑक्टोबर २०२० रोजी संपला. पुढचा २२ डिसेंबरला सुरू होऊन २० जुलै २०२१ रोजी.

१८/
२०२० च्या अंतिम मालिकेची प्रेक्षकसंख्या आदल्या वर्षाच्या सुमारे निम्म्यावर आली. महासाथ, रिकाम्या खुर्च्या आणि फुटबॉलचा हंगाम अशी अनेक कारणे एकत्र आली होती, त्यामुळे दोष केवळ ऋतूला देता येत नाही. २०२१ मध्ये तर अंतिम मालिका संपवून तीन खेळाडू थेट टोकियो ऑलिम्पिकला धावले. पुढच्या हंगामापासून एनबीए ऑक्टोबर ते जून या जुन्या वेळापत्रकावर परतली.

१९/
आता महिलांच्या लीगकडे परत. उन्हाळी हंगामाचा एक परिणाम १९९७ मध्ये क्वचितच कोणाच्या लक्षात आला असेल. युरोपातील लीग शरदापासून वसंतापर्यंत चालतात. डब्ल्यूएनबीए उन्हाळ्यात असल्याने खेळाडूंचा हिवाळा मोकळा राहिला, आणि घरचे वेतन अपुरे असल्याने तो त्यांनी रशिया, तुर्कस्तान, चीन येथे विकला. म्हणजे एकाच शरीरावर वर्षातून दोन हंगाम.

२०/
हे गणित किती विषम होते, हे २०१५ मध्ये दिसले. डब्ल्यूएनबीएमधील सर्वोच्च वेतन सुमारे एक लाख सात हजार डॉलर असताना डायना टॉरासीला रशियातील एकातेरिनबर्गचा संघ त्याच्या कैक पटींनी, सुमारे पंधरा लाख डॉलर, देत होता. त्याच संघाने तिला अमेरिकेतील उन्हाळी हंगामात विश्रांती घेण्यासाठी पैसे दिले. तिने तो हंगाम सोडला.

२१/
ब्रिआना स्टुअर्टचे वर्ष पाहावे. सप्टेंबर २०१८ मध्ये तिने सिएटल स्टॉर्मकडून डब्ल्यूएनबीए विजेतेपद मिळवले. त्याच महिन्याच्या अखेरीस स्पेनमध्ये विश्वचषक जिंकला. मग हिवाळाभर रशियाच्या डायनामो कुर्स्ककडून खेळली. एप्रिल २०१९ मध्ये हंगेरीत युरोलीगच्या अंतिम सामन्यात तिच्या टाचेमागचा स्नायुबंध तुटला. डब्ल्यूएनबीएची विद्यमान सर्वोत्तम खेळाडू पुढच्या हंगामात एकही सामना खेळू शकली नाही.

२२/
१७ फेब्रुवारी २०२२ रोजी ब्रिटनी ग्राइनर हिला मॉस्कोच्या विमानतळावर अटक झाली. तीही हिवाळी हंगामासाठी एकातेरिनबर्गला निघाली होती. तिला नऊ वर्षांची शिक्षा झाली आणि ८ डिसेंबरला व्हिक्टर बूट याच्या बदल्यात तिची सुटका झाली. अटकेमागील राजकारण वेगळे. पण अमेरिकेतील एक अव्वल खेळाडू दर हिवाळ्यात रशियात का जात होती, या प्रश्नाचे उत्तर वेतन आणि वेळापत्रकात होते.

२३/
२०२० च्या करारात डब्ल्यूएनबीएने वेतन वाढवले, पण सोबत अट घातली: परदेशातून उशिरा परतणाऱ्या अनुभवी खेळाडूंना २०२३ पासून दंड आणि २०२४ पासून थेट हंगामबंदी. यावर खेळाडूंनी स्वतःच उत्तर शोधले. स्टुअर्ट आणि नफीसा कॉलियर यांनी स्थापलेली ‘अनरायव्हल्ड’ ही लीग जानेवारी २०२५ मध्ये मायामी परिसरात सुरू झाली. खेळाडूंना सरासरी दोन लाख डॉलरहून अधिक वेतन आणि मालकीत वाटा, तोही मायदेशी, हिवाळ्यात.

२४/
दरम्यान उन्हाळ्याची मोकळी जागाही भरत चालली आहे. १९९७ मध्ये प्रत्येक संघ २८ साखळी सामने खेळे आणि ऑगस्टअखेर सारे संपे. २०२५ मध्ये ही संख्या ४४ झाली आणि अंतिम मालिका ऑक्टोबरमध्ये, फुटबॉलच्या गर्दीत गेली. केटलिन क्लार्कने ७ एप्रिल २०२४ रोजी महाविद्यालयीन अंतिम सामना खेळला आणि १४ मे रोजी व्यावसायिक पदार्पण केले. विश्रांतीला जेमतेम पाच आठवडे. शिवाय दर चार वर्षांनी ऑलिम्पिकसाठी हंगाम मध्येच थांबवावा लागतो, तो वेगळाच.

२५/
मग हिवाळा की उन्हाळा? हिवाळ्याच्या बाजूने परंपरा आणि प्रेक्षकांची सवय आहे. उन्हाळ्याच्या बाजूने मोकळी क्रीडागृहे आणि मोकळे प्रक्षेपण. नव्या, लहान लीगला उन्हाळा अधिक हिताचा ठरला, हे डब्ल्यूएनबीएचे टिकून राहणे सांगते. केवळ ऋतू बदलून डबघाईला आलेली लीग सावरत नाही, हे ऑस्ट्रेलिया सांगते. आणि स्थिरावलेली मोठी लीग आपला ऋतू सहजी सोडत नाही, हे एनबीए सांगते.

२६/
१९४६ मध्ये क्रीडागृहांच्या रिकाम्या रात्रींनी हंगाम ठरवला, १९९७ मध्ये वाहिन्यांच्या रिकाम्या तासांनी. खेळाडूंचे उरलेले महिने कसे जातील, हा विचार दोन्ही वेळा मागे राहिला. लीगने कोणताही ऋतू निवडावा. त्या हंगामाच्या वेतनावर खेळाडूला वर्षभर जगता आले आणि शरीराला विसावा मिळाला, तर तो ऋतू योग्य. हा निकष लावला तर १९९७ चा उन्हाळा प्रेक्षकांसाठी यशस्वी होता. खेळाडूंसाठी तो यशस्वी व्हायला पाव शतकाहून अधिक काळ लागतो आहे.

(धागा समाप्त)