हुतात्म्यांच्या मागे राहिलेली माणसं

आपल्या वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २५ साथीदारांसह क्रुसावर हुतात्मा झाले. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. मला मात्र मागे राहिलेल्यांचा इतिहास जास्त मोलाचा वाटतो.

१६१४ मध्ये जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. पुढे पुढे तर एकही धर्मगुरू उरला नाही. येशू-मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवून आपण ख्रिस्ती नाही हे दाखवावं लागे. साधे शेतकरी, कोळी पाय ठेवत, घरी येऊन पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत आणि तीच पोरांना शिकवत. गावातला एक जण सणांच्या तारखा सांभाळी, दुसरा बाप्तिस्मा देई.

१७ मार्च १८६५ ला उराकामीचे काही गावकरी नागासाकीच्या नव्या ओउरा चर्चमध्ये आले आणि फ्रेंच धर्मगुरूंना हळूच म्हणाले, आम्हीही तुमच्यातलेच! ते चर्च त्याच २६ हुतात्म्यांच्या नावाचं. त्यानंतरही तीन हजारांवर लोक हद्दपार झाले. बंदी उठली १८७३ मध्ये.

हुतात्म्यांचे पुतळे उभारा, जरूर. पण श्रद्धा जगवली ती भीत भीत पाय ठेवणाऱ्यांनी. त्यांना भेकड म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. कुणालाही त्या प्रतिमेसमोर उभं करायचा अधिकार कुठल्याच सरकारला नाही.