पाठीवरचा परवाना

आमच्या घराच्या माळ्यावर आजोबांची एक पत्र्याची ट्रंक आहे. एका कादंबरीत मला शिकारी आणायचा होता आणि शिकारीतले मला ओ की ठो कळत नव्हते, म्हणून गेल्या उन्हाळ्यात ती ट्रंक खाली काढली. तीत उदई लागलेली एक पंचांगाची चवड, पितळेची दोन रिकामी काडतुसे आणि घडीवर विरलेला एक कागद निघाला. तो आजोबांचा शिकारीचा परवाना. जनावरांची नावे, मुदत, सरकारी शिक्का, आणि सगळ्यात खाली भरलेल्या फीचा आकडा. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यावरची १९९१ ची दुरुस्ती यांनी असले कागद आपल्याकडे इतिहासजमा केले. ते झाले ते चांगलेच झाले. पण कागद हातात धरून बसलो असता मनात एक अगदी मास्तरी प्रश्न आला. हे पैसे गेले कुठे? आजोबांनी कचेरीत भरलेल्या त्या रुपयांनी पुढे एखाद्या हरणाचे काही भले झाले, की ते सरकारी तिजोरीच्या समुद्रात मिळाले?

आजोबांनी तो प्रश्न कधी विचारला नसावा. सरकारात भरलेला पैसा परत विचारायचा नसतो, अशीच त्या पिढीची समजूत होती.

माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात असतो. त्याला हे गमतीने लिहिले. त्याचे उत्तर आले ते असे की, सर, तुमचा हा प्रश्न इथे शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे आणि हॅरिसबर्गच्या विधिमंडळात आमदारांना त्यावरून स्वस्थ झोप मिळत नाही. पाठोपाठ त्याने वाचायला बरेच काही पाठवले. माझे शिक्षण दहावीपाशी थांबलेले, इंग्रजी बेताचे. शब्दकोश उशाशी घेऊन पावसाळाभर ते वाचत राहिलो. शिकारी मनातून केव्हाच निघून गेला आणि त्याच्या जागी एक डॉलर येऊन बसला.

त्या डॉलरची कथा सांगण्याआधी त्या लोकांचे एक ध्यानात घेतले पाहिजे. युरोपात शिकार हा राजाचा नि जमीनदाराचा मान. गरिबाने ससा मारला तरी तो चोर. तिथून समुद्र ओलांडून आलेल्या माणसांना नव्या भूमीत पहिली चव लागली ती या मोकळीकीची. १७७६ साली पेनसिल्व्हेनियाने आपली राज्यघटना लिहिली तेव्हा तीत स्वतंत्र कलम घातले की रहिवाशांना आपल्या जमिनीवर आणि कुंपण नसलेल्या इतर कोणाच्याही जमिनीवर हंगामात शिकार करण्याची मुभा राहील. आपल्याकडे घटनेत ससे आले नाहीत, त्यांच्याकडे आले. बंदूक खांद्यावर टाकून रानात शिरणे हा तिथे शौक नव्हता, ती नागरिकत्वाची खूण होती.

या मोकळीकीचा शेवट व्हायचा तोच झाला. रेल्वे आली, लाकूडतोड आली, बाजारासाठी मांस मारणारे धंदेवाईक आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डोंगर बोडके झाले होते आणि हरीण दिसणे ही गावात सांगायची गोष्ट झाली होती. पिट्सबर्गचे कारखानदार जॉन फिलिप्स यांच्याविषयी सांगतात की, त्यांनी बर्फातल्या एका हरणाच्या मागावर कितीतरी वणवण केली, शेवटी ते मारले, आणि मग त्यांच्या मनाने घेतले की बहुधा राज्यातले अखेरचे हरीण आपणच मारले. गोष्ट शब्दशः खरी असो नसो, पुढे हा माणूस हरणांसाठी आमदारांच्या दारात उभा राहिला एवढे मात्र खरे.

राज्याने १८९५ साली शिकार आयोग नेमला. नेमला म्हणजे कागदावर नेमला. सभासद बिनपगारी, रखवालदार मूठभर, पैशाची बोंब. आयोगाचे चिटणीस डॉ. जोसेफ कॅल्बफस हे मोठे हट्टी गृहस्थ. त्यांनी आणि फिलिप्स यांनी एक साधा हिशेब मांडला. रान राखायला रखवालदार हवेत, रखवालदारांना पगार हवा, आणि तो पगार ज्याला रानात जायचे आहे त्याने द्यावा. शिकाऱ्याने वर्षाला एक डॉलर भरून परवाना घ्यावा.

हिशेब सरळ होता, पण आमदारांच्या गळी उतरणे कठीण. परप्रांतीय शिकाऱ्यावर दहा डॉलरांची फी १९०१ सालीच बसली, फारशी खळखळ न होता. त्याचे कारण उघड आहे: परप्रांतीयाला मत नसते. घरच्या माणसाकडे डॉलर मागायचा म्हटल्यावर मात्र गहजब झाला. हा गरिबावरचा कर आहे, ही जुन्या जमीनदारीची नवी आवृत्ती आहे, आमच्या पूर्वजांचा हक्क तुम्ही आम्हालाच विकता काय? डॉलर म्हणजे तेव्हा खाणीतल्या मजुराच्या रोजाचा मोठा हिस्सा. हे आक्षेप मला आजही पोकळ वाटत नाहीत. ज्याच्या घरात मांस फक्त बंदुकीने येते, त्याला जंगलरक्षणावरचे व्याख्यान कसे लागत असेल याची कल्पना मी करू शकतो.

आणि या कथेला एक काळी बाजूही आहे. ती गाळून पुढे गेलो तर मी खोटा मास्तर ठरेन. त्या काळी खाणींतून नि चुनखडीच्या दगडखाणींतून इटलीहून आलेले मजूर होते; ते गाणारे पक्षीही मारून खात. रखवालदारांशी त्यांच्या चकमकी होत. १९०६ साली हिल्सव्हिलजवळ सीली हाउक नावाच्या रखवालदाराचा खून झाला, त्याने राज्य हादरले. पण त्यावर विधिमंडळाने १९०९ साली काय केले, तर नागरिकत्व न घेतलेल्या परदेशी माणसाने बंदूक बाळगणेच गुन्हा ठरवले. पॅट्सोन नावाच्या इटालियनाने हा खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि १९१४ साली तो हरला. रानातले पाखरू राखण्याची कळकळ आणि परक्याविषयीची अढी ही दोन्ही एकाच कायद्यात सुखाने नांदू शकतात, हे तिथे पाहायला मिळते. मतदाराकडे डॉलर मागायला जे विधिमंडळ वर्षानुवर्षे कचरत होते, त्याला मत नसलेल्याची बंदूक काढून घ्यायला मुळीच जड गेले नाही.

अखेर १९१३ साली परवान्याचा कायदा झाला. कसा झाला ते पाहण्यासारखे आहे. शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीवर परवाना लागणार नाही, अशी सूट ठेवली गेली. म्हणजे सर्वांत मोठा विरोधक गोटातून फुटला. राज्यपाल होते जॉन टेनर, एके काळचे नामांकित बेसबॉलपटू. त्यांनी सही केली. पहिल्याच वर्षी सुमारे तीन लाख माणसांनी डॉलर मोजले. ज्या राज्यात हा कर कोणी भरणार नाही असे सांगत होते, तिथे तीन लाख! १९२० पासून त्याच पैशांतून आयोग जमिनी विकत घेऊ लागला. तोडलेले, जळलेले, कोणाला नको असलेले डोंगर. आज त्या जमिनी सुमारे पंधरा लाख एकर भरतात. कॅल्बफस यांना त्यातली पहिली खरेदीही पाहायला मिळाली नाही. १९१९ साली रेल्वेच्या फाटकावरील अपघातात ते गेले.

आता मला पडलेला प्रश्न तिथल्या शिकाऱ्यांनाही पडला. डॉलर दिला, तो गेला कुठे? राज्याराज्यांत असे होऊ लागले की परवान्याची गंगाजळी फुगली की आमदारांचे हात तिकडे वळत. पैसा हरणासाठी जमलेला, खर्च दुसऱ्याच कामावर. व्हर्जिनियाचे विलिस रॉबर्टसन हे आपल्या राज्याच्या शिकार आयोगाचे प्रमुख होते. ही खोड त्यांनी जवळून पाहिलेली. ते पुढे वॉशिंग्टनला काँग्रेसमध्ये गेले. १९३७ साली बंदुका नि काडतुसांवरच्या कराचे उत्पन्न राज्यांना वन्यजीवांसाठी वाटावे, असे विधेयक कार्ल शूमेकर यांनी तयार केले आणि नेवाडाचे सिनेटर पिटमन यांनी मांडले. रॉबर्टसन यांनी त्यात एक छोटे वाक्य घुसवले. जे राज्य शिकाऱ्याच्या परवान्याचा पैसा आपल्या शिकार खात्याबाहेर वळवील, त्याला या करातला वाटा नाही. सगळी राज्ये त्या एका वाक्याने जागच्या जागी बांधली गेली. रॉबर्टसन यांची इतर मते, विशेषतः काळ्या लोकांच्या हक्कांविषयीची, मला मुळीच मान्य होण्यासारखी नाहीत. पण हे वाक्य लिहिणारा माणूस तिजोरीची नस ओळखून होता.

ते विधेयक कनिष्ठ सभागृहात इलिनॉयचे स्कॉट लुकास यांच्या समितीत अडकून पडले होते. शूमेकर यांनी काय करावे? इलिनॉयमधल्या शिकाऱ्यांच्या मंडळांना आणि बायकांच्या बागकाम मंडळांना कळवले की तुमच्या प्रतिनिधीला चार ओळी लिहा. पत्रांचा नि तारांचा असा पाऊस पडला की लुकास हात जोडून म्हणाले म्हणे, बाबा रे, या बायकांना आवर, मी विधेयक सोडतो. शिकारी आणि गुलाब लावणाऱ्या बाया एका आमदाराच्या मागे लागल्या की काय होते, याची ही गोष्ट.

मला यावरून आमचे एक शिष्टमंडळ आठवते. शाळेच्या वाचनालयाच्या अनुदानासाठी आम्ही सहा मास्तर नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात एका आमदारांना भेटायला गेलो होतो. दोन तास बाहेरच्या बाकावर बसलो. आत गेल्यावर त्यांनी चहा पाजला, निवेदन उलटेपालटे केले आणि अगदी आपुलकीने विचारले, ‘‘गुरुजी, तुमच्यात मतं किती?’’ आम्ही एकमेकांकडे पाहिले. सहा, असे म्हणायला कोणाचीच जीभ रेटेना.

पेनसिल्व्हेनियातल्या शिकाऱ्यांची मते सहा नव्हती, लाखो होती, आणि पुढचा घोळ नेमका तिथे झाला. फी किती असावी हे आयोगाने नाही, विधिमंडळाने ठरवायचे असते. म्हणजे दर वेळी आयोगाने हॅरिसबर्गच्या पायऱ्या चढायच्या. १९९९ साली वाढ मिळाली आणि मूळ फी १९ डॉलर झाली. त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ ती तिथेच थांबली. दरम्यान हरणे वाढून वाढून इतकी झाली होती की रानात कोवळे रोप टिकेना. २००० नंतर आयोगाचे जीवशास्त्रज्ञ गॅरी ऑल्ट यांनी माद्या अधिक मारू द्या, कोवळ्या शिंगांचे नर राखा, असा कार्यक्रम आणला. झाडांना तो मानवला, शिकाऱ्यांना नाही. सकाळी बसावे आणि दहा हरणे पाहून यावे अशी त्यांच्या बापापासूनची सवय. आता दिवसभरात एकही दिसेना. युनिफाइड स्पोर्ट्समेन नावाची संघटना कोर्टात गेली. आणि आमदारांकडे एकच मागणी होऊ लागली: हरणे दिसत नाहीत तोवर यांची फी वाढवू नका.

दुसरीकडे १९३० च्या दशकापासून चालत आलेला शिकारी मंडळांचा महासंघ म्हणत होता की वाढवा. आमच्यावरचा कर वाढवा, असे मागायला आपण होऊन गेलेली माणसे मी आयुष्यात पाहिलेली नाहीत. म्हणून मला त्यांचे अप्रूप वाटले. पण आमदाराच्या दृष्टीने पाहा. एक शिकारी म्हणतो वाढव, दुसरा म्हणतो खबरदार. अशा वेळी शहाणा आमदार काय करतो? काहीच करीत नाही. त्यातून आयोगाच्या जमिनीखाली नैसर्गिक वायू निघाला, त्याचे पैसे येऊ लागले. मग आमदारांना चांगलेच निमित्त सापडले की तुम्हाला फी हवी कशाला. २०१९ साली राज्याच्या लेखापरीक्षकांनी या वायूच्या उत्पन्नाच्या नोंदी नीट ठेवल्या जात नसल्याचे म्हटले, तेव्हा आयोगाची बाजू आणखी लंगडी झाली. हिशेब चोख नसेल तर भरणाऱ्याचा विश्वास कसा राहावा?

मासेमारीचे खाते निराळे आहे. तिथला खेळ याहून झोंबरा झाला. त्या आयोगाची फी २००५ पासून अडलेली. २०१७ साली त्याचे संचालक जॉन आर्वे यांनी जाहीर केले की फी वाढली नाही तर मत्स्यबीजाची केंद्रे बंद करावी लागतील आणि काही ओढ्यांत मासे सोडता येणार नाहीत. कोणते ओढे? तर विधेयक अडवणाऱ्या आमदारांच्या मतदारसंघांतले, असा बोभाटा झाला. युक्ती म्हणून मला क्षणभर हसू आले. पण आमदार हसले नाहीत. २०१८ साली कायदा आला की या आयोगाचा संचालक आठ वर्षांहून अधिक काळ राहू शकणार नाही. आर्वे यांची आठ वर्षे भरलीच होती. ते त्याच साली निवृत्त झाले. आणि गंमत अशी की ते गेल्यावर, २०२० साली, विधिमंडळाने मासेमारीची फी ठरवण्याचा अधिकार काही अटी घालून त्याच आयोगाला देऊन टाकला. माणूस गेला आणि मागणी मान्य झाली.

मिसुरीच्या लोकांनी हा तिढा निराळ्या तऱ्हेने सोडवला. १९३६ साली त्यांनी सह्या गोळा करून, सत्तर टक्क्यांहून अधिक मतांनी घटनाच दुरुस्त केली आणि वन्यजीवांचा कारभार आमदारांच्या हातून काढून स्वतंत्र आयोगाकडे दिला. १९७६ साली तर सगळ्यांनीच विक्रीकराचा एक अष्टमांश टक्का त्यासाठी द्यायचे मान्य केले; शिकारी असो वा नसो. शिकाऱ्यांची संख्या अमेरिकेत १९८० च्या दशकानंतर उतरत गेली, हे पाहता मिसुरीची ही तजवीज दूरदृष्टीची म्हणावी लागेल. मात्र ज्याने एकट्याने पैसा दिला त्याचे रानावरचे वजनही तिथे वाटले गेले, आणि ते प्रत्येक शिकाऱ्याला रुचले असेल असे मला वाटत नाही.

पेनसिल्व्हेनियात एक मजेदार नियम होता. शिकाऱ्याने परवाना पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, सगळ्यांना दिसेल असा लावायचा. २०१२ साली तो उठला. विद्यार्थ्याने रविवारच्या जुन्या बाजारातून असा एक परवाना विकत घेऊन मला पाठवला आहे. पिवळा पडलेला, चार कोपऱ्यांना टाचणीची भोके, मध्ये ठसठशीत नंबर. आजोबांच्या कागदाशेजारी तो ठेवताना बायकोने विचारले, हा कुणाचा? मी म्हटले, कुणाचा ते ठाऊक नाही, पण फी भरलेली दिसते.