‘स्कार्लेट’ : एका अजरामर कथेची उत्तरकथा

काही कादंबऱ्या शेवटचे पान उलटल्यावरही वाचकाच्या मनात संपत नाहीत. मार्गारेट मिशेल यांची ‘गॉन विथ द विंड’ ही त्यांपैकी एक. ३० जून १९३६ रोजी ती प्रसिद्ध झाली आणि वर्ष संपण्यापूर्वी तिच्या दहा लाख प्रती खपल्या. १९३७ मध्ये तिला पुलित्झर पुरस्कार मिळाला. १९३९ मधील चित्रपटाने तर तिची नायिका स्कार्लेट ओहारा जगाच्या कानाकोपऱ्यात पोहोचवली. अमेरिकेतील यादवी युद्धात होरपळलेल्या जॉर्जिया प्रांतातील ही कथा १८६१ मध्ये सुरू होते आणि १८७३ मध्ये थांबते. अखेरीस ऱ्हेट बटलर घर सोडून जातो. स्कार्लेट त्याला परत मिळवण्याचा निश्चय करून ‘तारा’ या आपल्या माहेरच्या मळ्याकडे मनाने वळते. पुढे काय झाले, हे लेखिकेने सांगितलेच नाही.

हा प्रश्न वाचकांनी मिशेल यांना पत्रांतून अक्षरशः हजारदा विचारला. त्यांनी शेवटचे प्रकरण सर्वांत आधी लिहिले होते. त्यांच्या दृष्टीने कथेचा तोच नैसर्गिक शेवट होता, त्यामुळे उत्तरभाग लिहिण्यास त्यांनी कायम नकार दिला. ऑगस्ट १९४९ मध्ये अटलांटातील पीचट्री रस्त्यावर मोटारीच्या धडकेने त्या जखमी झाल्या आणि पाच दिवसांनी, १६ ऑगस्ट रोजी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली ही त्यांची एकमेव कादंबरी होय.

वारसांची अडचण

लेखिकेची इच्छा स्पष्ट असताना उत्तरकथा निघाली कशी? याचे उत्तर बऱ्याच अंशी स्वामित्वहक्काच्या कायद्यात आहे. १९७० च्या दशकात चित्रपटाचा उत्तरभाग काढण्याच्या हालचाली झाल्या. त्यासाठी अ‍ॅन एडवर्ड्स यांनी कथाही लिहिली. परंतु ना चित्रपट निघाला, ना ती कथा प्रसिद्ध झाली. पुढे उत्तरभागाचा हक्क चित्रपटसंस्थेकडे की वारसांकडे, असा वाद न्यायालयात गेला. १९८५ मध्ये अपील न्यायालयाने तो वारसांच्या बाजूने निकाली काढला.

मिशेल यांचे बंधू स्टीफन्स यांचे १९८३ मध्ये निधन झाले होते. तत्कालीन अमेरिकी कायद्यानुसार मूळ कादंबरीवरील हक्क २०११ मध्ये संपणार होता. त्यानंतर कोणीही उठून स्कार्लेटची पुढची कहाणी लिहू शकले असते. तेव्हा आपल्या देखरेखीखाली, आपण निवडलेल्या लेखिकेकडून ती लिहून घ्यावी, असे वारसांनी ठरवले. (१९९८ च्या कायद्याने ही मुदत पुढे २०३१ अखेरपर्यंत वाढली.)

निवड झाली ती अलेक्झांड्रा रिप्ले यांची. १९३४ मध्ये चार्ल्स्टन येथे जन्मलेल्या रिप्ले ‘चार्ल्स्टन’, ‘न्यू ऑर्लिन्स लेगसी’ अशा ऐतिहासिक प्रणयकादंबऱ्यांमुळे परिचित होत्या. दक्षिणेकडील जुन्या घराण्यांचे रीतिरिवाज त्यांना जवळून ठाऊक होते. पुस्तक पूर्ण होण्यापूर्वीच, १९८८ मध्ये, वॉर्नर बुक्स या प्रकाशनसंस्थेने अमेरिकेतील हक्कांसाठी लिलावात सुमारे ४९ लाख डॉलर मोजले. २५ सप्टेंबर १९९१ रोजी ‘स्कार्लेट’ अनेक देशांत एकाच वेळी प्रसिद्ध झाली.

कथा कुठे जाते?

मेलनीच्या अंत्यविधीपासून कथेला प्रारंभ होतो. स्कार्लेट ताराला परतते, तो तिची वृद्ध दाई मॅमी मृत्युशय्येवर असते. त्यानंतर ऱ्हेटचा माग काढत ती त्याच्या गावी, चार्ल्स्टनला, सासूच्या आश्रयाला जाते. नौकाविहारात वादळ येते, दोघे मरता मरता वाचतात, क्षणभर जवळ येतात आणि पुन्हा दुरावतात. पुढे सॅव्हाना येथील करारी आजोबांचे घर आणि तेथून वडिलांच्या मातृभूमीत, आयर्लंडमध्ये, असा तिचा प्रवास होतो. तेथे ती बॅलीहारा ही जमीन विकत घेऊन उजाड गाव पुन्हा वसवते. ऱ्हेटपासून झालेली मुलगी कॅट हिला ती त्याच्या नकळत वाढवते. घटस्फोट, ऱ्हेटचा दुसरा विवाह, इंग्रज जमीनदारांविरुद्धचे आयरिश बंड अशी वळणे घेत कथा अखेर वाचकांना हव्या असलेल्या मीलनापर्यंत पोहोचते.

आयर्लंडचा हा धागा अगदीच उपरा नव्हे. स्कार्लेटचे वडील जेराल्ड हे मूळ कादंबरीतच आयर्लंडच्या मीथ परगण्यातून आलेले दाखवले आहेत आणि जमिनीची ओढ हा त्यांनीच लेकीला दिलेला वारसा आहे. मात्र या प्रवासात स्कार्लेटची आधीची दोन अपत्ये, वेड आणि एला, ताराला मागेच राहतात. कुटुंबकथा म्हणवणाऱ्या कादंबरीतील ही उणीव खटकते.

खप आणि टीका

वाचकांच्या अक्षरशः उड्या पडल्या. लाखो प्रती खपल्या. समीक्षकांनी मात्र पुस्तक झोडपले. मूळ कादंबरीतील हट्टी, स्वार्थी तरीही जिवंत स्कार्लेट येथे गुळगुळीत झाली, असा आक्षेप होता. त्याहून गंभीर आक्षेप वेगळाच होता. युद्धोत्तर दक्षिणेतील मुक्त झालेल्या गुलामांचे प्रश्न हा या काळाचा गाभा. नायिकेला समुद्रापार नेल्याने लेखिकेला त्याला सामोरे जावेच लागले नाही. १९९४ मध्ये कथेवर दूरचित्रवाणी मालिका निघाली. तीत जोआन व्हॅली-किल्मर स्कार्लेट, तर टिमोथी डाल्टन ऱ्हेट झाले. रिप्ले यांचे जानेवारी २००४ मध्ये निधन झाले.

टाळलेला प्रश्न

जो प्रश्न ‘स्कार्लेट’ने टाळला, तो २००१ मध्ये अ‍ॅलिस रँडल या कृष्णवर्णीय लेखिकेने ‘द विंड डन गॉन’मध्ये थेट विचारला. तिची निवेदिका सिनारा ही मॅमी आणि मळ्याचा मालक यांची मुलगी, म्हणजेच नायिकेची सावत्र बहीण आहे. वारसांच्या न्यासाने प्रकाशनाला मनाई मिळवली. परंतु अपील न्यायालयाने मे २००१ मध्ये ती उठवली. मूळ कृतीवर भाष्य करणारे विडंबन हा लेखकाचा अधिकार आहे, अशी न्यायालयाची भूमिका होती. २००२ मध्ये तडजोड झाली आणि प्रकाशकाने कृष्णवर्णीयांच्या मोरहाउस महाविद्यालयाला देणगी देण्याचे मान्य केले.

अधिकृत मालिकाही थांबली नाही. डोनाल्ड मॅकेग यांची ‘ऱ्हेट बटलर्स पीपल’ २००७ मध्ये आली. तीत ‘स्कार्लेट’मधील घटनांना स्थान दिलेले नाही. २०१४ मध्ये त्यांनीच ‘रूथ्स जर्नी’मध्ये मॅमीला नाव आणि पूर्वायुष्य दिले. मूळ कादंबरीत जिला स्वतःचे नावही नव्हते, तिची कहाणी अधिकृतपणे सांगायला तब्बल ७८ वर्षे लागली.

भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. त्यामुळे आपल्याकडे २०१० पासून मूळ कादंबरी सर्वांसाठी खुली आहे. अमेरिकेत तो दिवस २०३२ च्या प्रारंभी उजाडेल आणि स्कार्लेटच्या कथा लिहिण्याला परवानगीची अट उरणार नाही. त्या गर्दीत रिप्ले यांची कादंबरी कदाचित केवळ पहिली म्हणून ओळखली जाईल. मात्र प्रिय पात्रांना सुखान्त देण्याच्या ओढीने मूळ कथेतले कोणते दुःख नजरेआड होते, हे समजून घ्यायचे असेल, तर ती आजही वाचावी. मूळ कादंबरी संपवून मग ही हाती घेतली, तर तो फरक अधिकच जाणवतो.