खानेसुमारीत घर कुठे गेलं?

जनगणनेला आपल्याकडे जुना शब्द आहे, खानेसुमारी. खाना म्हणजे घर, सुमारी म्हणजे मोजणी. गंमत बघा, मोजणारा घरोघर फिरला, पण साक्षरता त्यानं एकेकट्या माणसाची मोजली.

१९११ च्या जनगणनेत कसोटी ठरली : मित्राला पत्र लिहिता यायला हवं आणि त्याचं आलेलं उत्तर वाचता यायला हवं. जमलं तर साक्षर, नाहीतर निरक्षर. पुढे निकष बदलत गेले. १९९१ पासून सात वर्षांखालची मुलं हिशेबातून वगळली. पण निरक्षर माणसाच्या घरात वाचणारं कुणी आहे का, हे त्या टक्केवारीत कधी आलंच नाही.

आता दोन गावं डोळ्यांसमोर आणा. प्रत्येकी दहा घरं, घरात पाच माणसं, गावात दहा साक्षर. पहिल्या गावात हे दहाही जण दोनच घरांत. दुसऱ्यात घरटी एक. टक्केवारी दोन्हीकडे २०! पण पहिल्या गावात आठ घरांना औषधाची चिठ्ठी, सावकाराचा कागद वाचून घ्यायला दुसऱ्याच्या दारात जावं लागणार.

कौशिक बसू आणि जेम्स फॉस्टर या अर्थशास्त्रज्ञांनी १९९८ साली नेमकं इथेच बोट ठेवलं. त्यांनी निरक्षरांचे दोन गट केले : घरात वाचणारं कुणी असलेले आणि अजिबात कुणी नसलेले. पहिल्या गटाला थोडं वजन द्यायचं. समजा, पाव धरलं, तर दुसऱ्या गावाची ‘परिणामकारक साक्षरता’ ४० टक्के होते. पहिल्याची २० वरच राहते. पुढे बसू, अंबर नारायण आणि मार्टिन रॅव्हॅलियन यांनी बांगलादेशातली आकडेवारी तपासली. घरात साक्षर माणूस असलेले निरक्षर लोक शेतीबाहेरच्या कामात जास्त कमावताना दिसले, आणि हा फायदा बायकांना अधिक होत होता.

मग एक शिकला की काम झालं का? नाही ना. माहेरचं पत्र दिराकडून वाचून घेणाऱ्या सुनेला मजकूर कळतो, पण तो आधी दिराला कळतो. उत्तरात मनातलं लिहायचं तरी कसं? म्हणून तिचं वजन शून्य नाही, आणि पूर्ण एकही नाही. शाळा आधी कुठे काढायची हे ठरवताना ज्या घरात एकही वाचणारा नाही, ते घर आधी शोधा. आणि तिथून पुढे, घरातल्या प्रत्येकाला स्वतःचं पत्र स्वतः वाचता येईपर्यंत, मोजणी थांबवू नका.