बाटलीत उरले काय?

'फळांचा अर्क' असे छापलेल्या बाटल्या आणि गोळ्या औषधांच्या दुकानांत मांडलेल्या दिसतात. फळातला गुण काढून तो टिकवायचा, ही कल्पना मात्र जुनी आहे. ती एकदा कशी फसली, हे आपण पाहू.

लांबच्या सागरी प्रवासात खलाशांच्या हिरड्या सुजत, त्यांतून रक्त येई, भरलेल्या जखमा पुन्हा उघडत आणि अखेर मृत्यू येई. हाच स्कर्व्ही. १७४७ मध्ये 'सॅलिसबरी' या ब्रिटिश जहाजावरील वैद्य जेम्स लिंड यांनी १२ रोगी खलाशी निवडले. सर्वांचा आहार सारखा ठेवून त्यांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. कोणाला व्हिनेगर, कोणाला समुद्राचे पाणी, एका जोडीला रोज संत्री व लिंबू. फळे सहा दिवसांत संपली. पण तेवढ्यात ती खाणाऱ्यांपैकी एकजण कामावर जाण्याइतका बरा झाला.

फळे जहाजावर टिकत नाहीत. म्हणून लिंड यांनीच रस मंद आचेवर तासन्‌तास आटवून 'रॉब' नावाचा पाक करण्याची कृती सुचवली. पाक आंबट होता, टिकतही होता. गुण मात्र बहुतांशी गेलेला होता. कॅप्टन कुक यांनीही सफरीनंतर रॉबविषयी फारसे अनुकूल मत दिले नाही.

१७९५ पासून ब्रिटिश नौदलात न आटवलेला लिंबूरस मिळू लागला आणि स्कर्व्ही हटला. पण १८६० नंतर भूमध्य समुद्राकाठच्या मोठ्या पिवळ्या लिंबांऐवजी वेस्ट इंडीजमधील लिंबे आली. ती आपल्या कागदी लिंबाच्या जातीची. ती अधिक आंबट, म्हणून अधिक गुणकारी, असा समज होता. १८७५ च्या आर्क्टिक मोहिमेत हा रस सोबत असूनही स्कर्व्ही उद्‌भवला.

चूक कुठे होती? सर्वांनी आंबटपणालाच गुण मानले. जिभेला कळते ते सायट्रिक आम्ल. रोग टाळते ते 'क' जीवनसत्त्व. उष्णता व हवा यांनी ते नष्ट होते, आंबटपणा तसाच राहतो. १९१८ मध्ये लंडनच्या लिस्टर संस्थेत गिनीपिगांवर केलेल्या प्रयोगांत टिकवलेला कागदी लिंबाचा रस जवळजवळ निरुपयोगी ठरला. 'क' जीवनसत्त्वाची ओळख पटली ती १९३२ मध्ये.

तेव्हा बाटली निवडताना फळाचे चित्र किंवा चव पुरेशी नाही. कोणता घटक, किती आणि कोणत्या प्रक्रियेनंतर उरला, हे विचारायला हवे. पेरू किंवा आवळा ताजा मिळत असेल, तर हा प्रश्नच बराचसा मिटतो.

वर्गात हे पडताळता येईल. पिठाच्या पातळ पेजेत आयोडीनचा थेंब टाकला की निळा रंग येतो; 'क' जीवनसत्त्व तो घालवते. ताजा रस आणि बराच वेळ उकळून, पाणी घालून मूळ मापावर आणलेला रस घ्यावा. रंग जायला प्रत्येकाचे किती थेंब लागतात, ते विद्यार्थ्यांनाच मोजू द्यावे.