इंटरकूलर ‘सर्वप्रथम’ कोणी बनवला? एका खोडलेल्या शब्दाची गोष्ट

मागच्या लेखात सिनॉप्सिस कशी लिहावी यावर बोललो होतो. त्यानंतर पेटची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: लिटरेचर रिव्ह्यूमध्ये इतिहास किती लिहायचा, आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्याला त्याचा उपयोग काय? नियम सांगत बसण्यापेक्षा माझ्याच प्रबंधातलं एक वाक्य तुमच्यासमोर ठेवतो.

माझं काम उष्णता-विनिमयावर आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर रेडिएटरसारख्या जाळीतून गरम हवा नेली की ती किती थंड होते, आणि त्या बदल्यात किती दाब गमावते, याचा हिशोब. पहिल्या प्रकरणात मी झोकात लिहिलं होतं: ‘मोटारीसाठी इंटरकूलर सर्वप्रथम अमेरिकन रेसर फ्रँक लॉकहार्ट याने १९२७ मध्ये बनवला.’ मॅडमनी ‘सर्वप्रथम’ वर पेनने आडवी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, ‘कशावरून?’ बस, एवढंच. त्या एका शब्दापायी माझे तीन आठवडे गेले. ते वाया गेले असं मात्र मी म्हणणार नाही.

आधी लॉकहार्टची गोष्ट. १९२६ साली इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत हा तेवीस वर्षांचा पोरगा नेहमीचा ड्रायव्हर आजारी पडल्यामुळे ऐनवेळी गाडीत बसला आणि जिंकला. पावसामुळे शर्यत ४०० मैलांवर थांबवली होती, पण जिंकला तो जिंकलाच. त्यानंतर त्याने स्वतःची मिलर ९१ गाडी घेतली. यातले ९१ म्हणजे ९१ घन इंच, साधारण दीड लिटर. आपल्याकडच्या मध्यम गाडीएवढंच इंजिन, पण सरळ रांगेत आठ सिलिंडर आणि मागे क्रँकच्या कितीतरी पट वेगाने फिरणारा सुपरचार्जर. म्हणजे इंजिनाच्याच ताकदीवर चालणारा पंखा, जो हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबतो.

लॉकहार्टने जॉन आणि झेनस वायसेल या दोन अभियंता भावांना हाताशी धरलं. सुपरचार्जरमधून निघालेला चार्ज थेट सिलिंडरकडे न नेता मध्ये फिन असलेल्या एका थंड करणाऱ्या पेटीतून न्यायचा, आणि ती पेटी समोरून येणाऱ्या वाऱ्यात ठेवायची, असं त्यांनी केलं. लक्षात घ्या, हे मिलरच्या कारखान्याने केलेलं नाही. गाडीच्या मालकाने आणि त्याच्या दोन साथीदारांनी आपल्या एका गाडीसाठी घडवलेली ही वस्तू आहे. आज घरच्या गॅरेजमध्ये स्पोर्ट्स कारला स्वतःचा इंटरकूलर बसवणाऱ्या पोरांचे हे खरे पूर्वज.

१९२७ च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातल्या मुरॉक या कोरड्या तलावावर त्या दीड लिटरच्या गाडीने दोन्ही दिशांची सरासरी धरून ताशी सुमारे १६४ मैल गाठले. एका दिशेने तर १७१, म्हणजे ताशी २७५ किलोमीटर. त्याच वर्षी इंडियानापोलिसला त्याने १२० मैलांच्या वेगाने पहिली जागा पटकावली, शर्यतीत बराच वेळ आघाडीवर राहिला आणि मग कनेक्टिंग रॉड तुटून बाहेर पडला.

आता गोष्ट थांबवून थोडं फिजिक्स बघू, कारण त्याशिवाय पुढचा इतिहास कळणार नाही. वहीपेन घ्या.

हवा ३० अंशांची आहे. सुपरचार्जर तिचा दाब १.८ पट करतो. गेजवर आकडा बघून आपल्याला वाटतं की ऐंशी टक्के जास्त हवा आत गेली. तसं होत नाही, कारण दाबली की हवा तापते. सायकलच्या पंपाचं तळ हाताला गरम लागतं, तेच इथे मोठ्या प्रमाणावर. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर बाहेर पडणारी हवा साधारण १०९ अंशांची निघते. गरम हवा फुगते, म्हणजे घनता घटते. केल्विनमध्ये हिशोब करा: १.८ गुणिले ३०३ भागिले ३८२. उत्तर येतं १.४३. ऐंशीचे त्रेचाळीस टक्के झाले! आता मध्ये जाळी बसवा. ती वाढलेल्या तापमानापैकी ७० टक्के काढून घेते, पण जाता जाता थोडा दाबही खाते, समजा १.८ चे १.७५ होतात. हवा ५४ अंशांवर येते आणि घनतेचं गुणोत्तर १.६२ होतं. गेजवरचा आकडा खाली आला, आणि इंजिनाला मिळणारी हवा मात्र वाढली. शिवाय चार्ज थंड असला की नॉकिंगचा, म्हणजे इंधन अवेळी भडकण्याचा, धोका कमी होतो. तो फायदा वेगळाच.

माझ्या मते या सगळ्या इतिहासाची मेख इथे आहे. दाब मोजणं सोपं असतं, गेज लावला की झालं. घनता डोळ्यांना दिसत नाही. ज्यांनी दाबावर समाधान मानलं ते कॉम्प्रेसर आणखी जोरात फिरवत राहिले. ज्यांनी विचारलं की इंजिन नेमकं खातं काय, दाब की वस्तुमान, ते जाळीपर्यंत पोचले.

मग लॉकहार्ट पहिला का नाही? त्याच्या आधी चाळीसेक वर्षं पॅरिसमध्ये काय चाललं होतं ते पाहा. व्हिक्टर पॉप याच्या कंपनीने शहराखाली नळ टाकून दाबलेली हवा विकायला सुरुवात केली होती. आधी सार्वजनिक घड्याळं त्या हवेवर चालत, पुढे छोटी यंत्रंसुद्धा. मागणी वाढली तसे १८९० च्या सुमारास तिथे दोन टप्प्यांचे कॉम्प्रेसर आले. त्यामागचं मुख्य नाव म्हणजे बर्लिनचे प्राध्यापक अलोइस रीडलर. पहिल्या टप्प्यात हवा थोडी दाबायची, मध्ये थंड करायची, मग दुसऱ्या टप्प्यात पुन्हा दाबायची. ‘इंटर’ म्हणजे मध्ये. इंटरकूलर हा शब्द असल्या कॉम्प्रेसर-घरांतला आहे, गाड्यांच्या दुनियेतला नाही.

पण हेतू बघा. कॉम्प्रेसर-घराला थंड हवा हवी होती ती कोळसा वाचवायला, कारण थंड हवा दाबायला कमी काम लागतं. लॉकहार्टला ती हवी होती सिलिंडरमध्ये जास्त माल भरायला. वस्तू तीच, प्रश्न वेगळा. त्यातही गंमत अशी की लॉकहार्टच्या गाडीत कॉम्प्रेसरचा टप्पा एकच होता. म्हणजे काटेकोर बोलायचं तर ती जाळी कशाच्याही ‘मध्ये’ नव्हती, कॉम्प्रेसरच्या नंतर होती. तिला आफ्टरकूलर म्हणायला हवं. आजच्या जवळपास सगळ्या टर्बो गाड्यांचं तेच आहे, तरी आपण इंटरकूलरच म्हणतो. आपल्याकडे टाटाच्या ४९७ टीसीआयसी इंजिनातला शेवटचा ‘आयसी’ सुद्धा तोच. तुमच्या विषयातल्या एखाद्या शब्दाचा अर्थ आणि त्याचा आजचा वापर जुळत नसेल तर तिथे थांबून खणा. बहुतेक वेळा तो शब्द दुसऱ्या गावाहून आलेला असतो.

शब्दाला खऱ्या अर्थाने जागणारं यंत्र पुढे दुसऱ्या महायुद्धात आलं. रोल्स-रॉइसचं मर्लिन ६१. त्याच्या सुपरचार्जरवर स्टॅनली हूकर यांनी काम केलं होतं, आणि हा माणूस तुम्हाला माहीत असायलाच हवा. हूकर शिक्षणाने गणिती, ऑक्सफर्डची डॉक्टरेट. १९३८ मध्ये कंपनीत आले तेव्हा इंजिनांचा अनुभव जवळजवळ नव्हता. सुपरचार्जरच्या चाचण्यांचे अहवाल हातात पडले, ते गणिताने तपासताना कुठे किती कार्यक्षमता वाया जाते हे त्यांना दिसलं. पुढे आत्मचरित्राला त्यांनी नाव दिलं ‘नॉट मच ऑफ अॅन इंजिनीअर’. एमएस्सी करून इंजिनीअरिंगच्या विषयात शिरणाऱ्या प्रत्येकाने हे नाव भिंतीवर लावावं. मी लावलंय.

मर्लिन ६१ मध्ये सुपरचार्जरचे दोन टप्पे होते. तीस हजार फुटांवर बाहेर उणे ४४ अंश थंडी असते. तिथली विरळ हवा समजा सहापट दाबायची. वरच्याच पद्धतीने हिशोब करा, उत्तर अधिक १७५ अंशांच्या आसपास येईल. एवढा गरम चार्ज सिलिंडरमध्ये गेला तर इंजिन फार काळ टिकणार नाही. म्हणून दोन टप्प्यांच्या मध्येही थंड करणारे मार्ग ठेवले आणि दुसऱ्या टप्प्यानंतर आणखी एक पेटी बसवली. दोन्हींमधून ग्लायकॉल मिसळलेलं पाणी फिरत असे आणि त्यासाठी वेगळा रेडिएटर होता. हे इंजिन मुळात उंचावरून उडणाऱ्या वेलिंग्टन बाँबरसाठी होतं. ते स्पिटफायरमध्ये बसवलं गेलं आणि १९४२ च्या उन्हाळ्यात स्पिटफायर ९ जर्मनांच्या फोक-वुल्फ १९० समोर उभं राहिलं. त्याचे फोटो बघाल तर पंखांखाली दोन्ही बाजूंना सारखेच मोठे रेडिएटर दिसतात. आधीच्या स्पिटफायर ५ मध्ये एका बाजूला फक्त लहान ऑइल कूलर होता. जास्तीच्या जागेत इंटरकूलरचा रेडिएटर बसला आहे. फोटोसुद्धा पुरावा असतो, नीट बघितला तर.

याच काळात अमेरिकेत लॉकहीडच्या पी-३८ विमानात फार सुंदर युक्ती केली होती. वेगळी जाळी ठेवली तर वाऱ्याला अडथळा होतो, म्हणून पंखाची पुढची कडाच पोकळ करून तिच्यातून गरम हवा फिरवली. पंख हाच इंटरकूलर! कागदावर याहून चांगलं काही सुचणार नाही. पण पंखाच्या कडेचं क्षेत्रफळ ठरलेलं. इंजिनाची ताकद वर्षागणिक वाढत गेली, उष्णता वाढली, कडा तेवढीच राहिली. शेवटी इंजिन पूर्ण ताकदीने चालवताच येईना. १९४३ च्या पी-३८ जे मध्ये ती युक्ती सोडून इंजिनाच्या हनुवटीखाली साधी जाळी बसवली, तेव्हा ताकद मोकळी झाली. आणि लगेच उलटी तक्रार आली. युरोपच्या हिवाळ्यात, उंचावर, इंजिन कमी ताकदीवर चालत असताना ही नवी जाळी चार्ज गरजेपेक्षा जास्त थंड करायची आणि इंधनाची नीट वाफ होत नसे. त्या विमानांच्या इंजिनांना तिथे जो त्रास झाला त्याचं हे एक कारण होतं. म्हणजे ‘जितका मोठा इंटरकूलर तितका बरा’ हेही खरं नाही.

रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारकडे येतो, पण थोडक्यात. पोर्शे ९११ टर्बो १९७५ मध्ये आली ती इंटरकूलरशिवाय, ३ लिटर, २६० हॉर्सपॉवर. १९७८ मध्ये मागच्या स्पॉइलरखाली इंटरकूलर आला आणि ताकद ३०० झाली. ‘इंटरकूलरने ४० हॉर्सपॉवर वाढले’ असं वाक्य तुम्हाला सहज सापडेल. कृपया ते उचलू नका. त्याच वेळी इंजिन ३ चं ३.३ लिटर झालं होतं. दोन गोष्टी एकदम बदलल्या की श्रेय एकीला देता येत नाही. लॉकहार्टच्या १६४ मैलांचंही तेच, त्याने गाडीत इतरही बदल केले होते. मी आधी तो आकडा ‘इंटरकूलरचा पुरावा’ म्हणून वापरला होता. तेही वाक्य मॅडमच्या पेनखाली गेलं.

आता घरी करणाऱ्यांबद्दल, कारण तुमच्यातले दोन-चार जण हे वाचून स्क्रॅपच्या बाजारात जाणार हे मला माहीत आहे. ट्रकची जुनी जाळी मिळते, दोन्ही टोकांच्या टाक्या अॅल्युमिनियमच्या पत्र्याच्या करून टिग वेल्डिंग करून घेता येतं. साबणाचं पाणी लावून, कमी दाबाची हवा भरून गळती तपासता येते. जुनी जाळी आतून धुवायला विसरू नका, तेलाचा थर उष्णता अडवतो. ही सगळी कारागिरी जमते. चुकतं ते मोजण्यात. बहुतेक जण एकच बूस्ट गेज लावतात, नवी जाळी बसवल्यावर आकडा थोडा घसरलेला दिसतो, आणि मग तो वर आणायला बूस्ट वाढवतात. वरचा हिशोब आठवा. जाळीच्या आधी आणि नंतर, दोन्हीकडे दाब आणि तापमान, अशी चार मापं हवीत.

आणि तापमान हवेचं हवं. हे मी अनुभवाने सांगतोय. पहिल्या वर्षी माझ्या रिगवर मी थर्मोकपल पाइपच्या बाहेरून टेपने चिकटवला होता. दोन महिने रीडिंग घेतली, आलेख इतके गुळगुळीत की मीच खूश. एका सीनियर ताईने सहज विचारलं, ‘हे हवेचं आहे की पत्र्याचं?’ पत्र्याचं होतं. दोन महिन्यांची वही अजून कपाटात आहे.

लॉकहार्ट पुढे स्टुट्झ ब्लॅक हॉक नावाच्या गाडीने जमिनीवरच्या वेगाचा विक्रम करायला गेला. दोन मिलर इंजिनं जोडून सोळा सिलिंडर केलेली गाडी. २५ एप्रिल १९२८ ला डेटोनाच्या किनाऱ्यावर टायर फुटला आणि तो गेला. वय २५. त्याच्या पाठोपाठ वायसेल बंधूंचं नावही मागे पडलं. डिझाइनमध्ये रेसरचा वाटा किती आणि अभियंत्यांचा किती हे त्या एका वाक्यात मी तपासलंच नव्हतं.

माझं वाक्य आता असं आहे: ‘कॉम्प्रेसरच्या टप्प्यांमध्ये हवा थंड करण्याची एकोणिसाव्या शतकातली पद्धत १९२७ मध्ये फ्रँक लॉकहार्ट आणि जॉन व झेनस वायसेल यांनी वेगळ्या हेतूने रेसिंग मोटारीवर वापरली.’ लांब झालंय, पचायला जड आहे. मागच्या मंगळवारी मसुदा परत आला. या वेळी रेघ ‘वेगळ्या हेतूने’ खाली आहे आणि बाजूला लिहिलंय, ‘दोन ओळी वाढव’.